हात पाहून बटण

नव्या कॅनव्हासला पहिलं पाणी लागलं की त्यातून एक वास सुटतो. कच्च्या कापसाचा, मेणाचा, थोडासा ओल्या पेंढ्याचा. तो आता माझ्या आयुष्यातून गेला आहे, तरी कधी एखाद्या दुकानात जाड कापडाचं ठाण उलगडलं जातं आणि मी बोलता बोलता थांबते. त्या वासाच्या मागोमाग एक आवाज ठरलेला असतो. पितळी बटण आपल्या खुंटीवर बसल्याचा. टिच. नीट बसलेल्या बटणाचा आवाज कोरडा असतो आणि एकच असतो. नीट न बसलेल्याचा दोनदा येतो, अडखळणाऱ्या माणसाच्या पहिल्या अक्षरासारखा. माझ्या सासऱ्यांना उतारवयात डोळ्यांनी दगा दिला, कानांनी दिला नाही. दुकानाच्या फळीवर माझ्याकडे पाठ करून बसलेले असतानाही ते शांतपणे सांगत, "मधलं काढून पुन्हा लाव."

आम्ही गाड्यांची हुडं शिवत होतो. जबलपुरात, गोहलपुरातल्या एका गल्लीत, जिथे एका बाजूला बॅटऱ्या भरून मिळत आणि दुसऱ्या बाजूला पत्रा ठोकून मिळे. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं, पण आमच्या माणसांची लग्नं त्या रेषेवरून पूर्वीसारखीच ये-जा करत राहिली. मीही तशीच आले. नागपुरात मराठी घेऊन एम. ए. झालेली, छंदशास्त्र हा आवडीचा विषय, दोन-चार मासिकांत कविता छापून आलेली. यजमान एका सरकारी कारखान्यात कारकून. सासरे पूर्वी लष्करासाठी तंबू शिवत; निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी त्यांचा डबा घेऊन दुकानात जाऊ लागले, मग सुईत दोरा ओवून देऊ लागले, आणि एके दिवशी ध्यानात आलं की डबा दुसरंच कुणी आणतं आहे आणि मी मशीनवर बसले आहे.

हूड म्हणजे उघड्या गाडीचं कापडी छत. ते कमानींवर ताणलेलं असतं. मागे गाडीच्या अंगाला आणि पुढे काचेच्या चौकटीला धरलेलं असतं. पाहणाऱ्याला कापड दिसतं, शिवण दिसते. हुडाचं खरं आयुष्य मात्र त्या धरण्यात आहे. काय धरतं, किती धरतं आणि मुख्य म्हणजे सोडतं कसं.

टिचबटण सगळ्यांच्या ओळखीचं. झबल्याला असतं तेच, अंगाने थोरलं. ते कोणत्याही बाजूने ओढलं तरी सुटतं, म्हणून जिथे वारा कापड फडफडवतो तिथे ते लावू नये. फिरकीचं बटण कापडातल्या लांबट डोळ्यातून डोकं काढतं आणि वळसा दिला की आडवं होऊन बसतं. भरवशाचं खरं, पण त्याला चिमटीत जोर लागतो. वादी, म्हणजे चामडी पट्टा, आणि बक्कल कितीही ताण सोसतात, मात्र बांधणाऱ्याचा वेळ खातात. खिळ्यांना काहीच लागत नाही. मारले की विषय संपला. आणि आणखी एक बटण असतं, जुन्या विलायती उघड्या गाड्यांवरचं. तीन बाजूंनी ते खुंटीला असं धरतं की ओढाल तितकं घट्ट होतं, आणि चौथ्या बाजूने बोटाच्या नुसत्या उचलीने सुटतं. ती बाजू कोणती हे कळावं म्हणून त्याच्या टोपीवर तिळाएवढा उंचवटा असतो. दुकानात आम्ही त्याला तिळाचं बटण म्हणत असू. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं. माणसं अशीच असतात असं त्या वयात वाटे. तीन बाजूंनी बंद, आणि एक तीळ शोधावा लागतो.

यातलं कोणतं कुठे लावायचं, हे इतर दुकानदार गाडी पाहून ठरवत. मामाजी माणसाचा हात पाहून ठरवत. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य तेच. "आधी हात दाखवा." ते हात हातात घेत, अंगठा दाबून पाहत, बोटं वाकवून पाहत, आणि मग कापडाच्या भावाबद्दल बोलत. एकदा बदलीच्या चिंतेत असलेले एक साहेब जीप घेऊन आले होते. त्यांनी मोठ्या आशेने उजवा तळवा पसरला आणि विचारलं, "बाबूजी, योग कब का है?" मामाजींनी अंगठा दाबून पाहिला. म्हणाले, "बदली का तो पता नहीं. पर अंगूठे में दम नहीं है. फिरकी नहीं लगाऊँगा."

पनागरचा एक भाजीवाला हिवाळ्यात मटाराची पोती भरून पहाटे मंडीत येई. त्याला जीपच्या मागच्या पडद्याला चकचकीत पितळी बटणं हवी होती. मामाजींनी त्याचा हात धरला. ओला, गार, बोटांची टोकं पांढरी पडलेली. त्यांनी तंबूला असते तशी दोरीच्या फासातली लाकडी गुल्ली लावून दिली, बधिर बोटांनाही सुटेल अशी. "सबको बटन, और हमको गुल्ली?" तो रुसून गेला. ऐन थंडीत तो परत आला, फळीवर मटाराची टोपली ठेवली, आणि बिडी ओढत उभा राहिला. दुकानभर त्या शेंगांचा हिरवा, गोडसर वास पसरला होता. मला वाटतं, एका कामगाराने दुसऱ्याची माफी मागण्याची ती रीत असावी.

शहपुऱ्याच्या एका बड्या घरातला तरुण लग्नासाठी गाडी सजवायला आला, तो दोन्ही हातांच्या बोटांत अंगठ्या घालून. त्याच्या अंगठ्या फिरकीत अडकणार हे मामाजींना दिसलं. "अंगूठियाँ उतारोगे?" "नहीं." "तो फिर पट्टा." त्याने खूप वाद घातला, पण गेला पट्टे लावूनच. वरातीत नवरदेवाने स्वतःच्या हाताने हूड उघडलं आणि टाळ्या घेतल्या, असं आमच्या कानावर आलं.

पण मला सांगायचं आहे ते मेश्रामबाईंच्या गाडीबद्दल.

ती गाडी जबलपुरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. मोडीत निघालेली विलायती उघडी गाडी, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची. मेश्राम हे एका कारखान्यात फोरमन होते. त्यांनी ती भंगारातून उचलली आणि सुटीच्या दिवशी एकेक भाग जुळवत पुन्हा उभी केली. चालवत मात्र बाई. त्या इस्पितळात मेट्रन होत्या. पांढरी साडी, ताठ मान, आणि हूड मागे टाकून त्या ड्यूटीवर निघाल्या की रिक्षावाले बाजूला होत. त्या गाडीचं पहिलं हूड मामाजींनीच शिवलं होतं, मी या घरात येण्यापूर्वी. त्यांनी बाईंचा उजवा हात पाहिला होता आणि पुढच्या कडेला ओळीने तिळाची बटणं लावली होती. "त्या हाताला विचारावं लागत नव्हतं," ते मला सांगत. "बोट लावलं की बटण उठून उभं राहत होतं, वॉर्डातल्या नर्सेसवाणी."

फोरमन वारले. बाई निवृत्त झाल्या. आणि एका दुपारी त्यांचा मुलगा प्रदीप ती गाडी घेऊन आमच्या दारात आला. हूड जीर्ण झालं होतं. शिवणीतून ऊन आत झिरपत होतं.

"जयभीम, बाबा."

"जयभीम. बस. आई कशी आहे?"

तो बसला नाही. गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. मागच्या थंडीत तो आईला भेडाघाटला घेऊन गेला होता. परतताना उन्हं उतरली. हूड उघडंच होतं. "मी म्हटलं, आई, बंद करतो. ती म्हणे, राहू दे, छान लागून राहिलं. पदरसुद्धा डोक्यावर घेतला नाही तिने. घरी आलो तर तोंड वाकडं. उजवा हात गेला. बोलणं गेलं."

आपल्या भाषेत या दुखण्याला अंगावरून वारं जाणं म्हणतात. शब्दांवर विश्वास ठेवण्याचं शिक्षण मी घेतलं होतं. हा शब्द एखाद्याच्या उरावर असा बसू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात बीपी होता. हवेचा काही संबंध नाही म्हणतात." तो माझ्याकडे न बघता बोलला. "पण दीदी, गाडी तर मीच चालवून राहिलो होतो ना."

मग त्याने काम सांगितलं. नवं हूड. जाड कापड. चारही बाजूंनी खिळे. उघडायचं नावच नको.

"हात दाखव," मामाजी म्हणाले.

त्याने हात पुढे केला. मामाजींनी तो चाचपला आणि सोडून दिला. "हा चालवणारा हात. गाडीत बसणारा हात कुठे आहे?"

"आईला आणून काय करू बाबा? ती तर बसतच नाही आता. जबरदस्ती बसवली, तर आतून कापड बडवते."

"काहून बडवते?"

"काय माहीत. विचारलं तर नाही म्हणते. चहा पाहिजे का, नाही. दुखून राहिलं का, नाही. जेवण झालं का, तरी नाही. तोच एक शब्द राहिला तिच्याजवळ."

मामाजींनी बराच वेळ त्या हिरव्या गाडीकडे पाहिलं. म्हणजे डोळे तिकडे लावले. त्यांना ती धुक्यातल्या झाडासारखी दिसत असणार. "चलो," ते म्हणाले, "आण तिला. नाही म्हणायला का होईना."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गाडीच्या डाव्या बाजूला, चालकाच्या शेजारी, प्रदीपने त्यांना उशा लावून बसवलं होतं. हूड बंद होतं; पुढची कड त्याने सुतळीने चौकटीला आवळून टाकली होती. मी चालकाच्या जागेवर जाऊन बसले. आत कार्बोलिक साबणाचा वास होता, आणि तापलेल्या जुन्या कापडाचा. उजवा हात त्यांच्या मांडीवर असा पडला होता, जसा कुणी दुसऱ्याने तिथे विसरून ठेवावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डावा हात वर गेला, कापडाच्या पुढच्या कडेवरून सरकला, थांबला, पुन्हा सरकला. सुतळीची गाठ लागली. तिथे त्यांनी मूठ आपटली. पुन्हा हात सरकला. पुन्हा गाठ. पुन्हा मूठ.

मी खाली उतरले. "मामाजी, बाई कापड नाही बडवत. त्या बटणं शोधून राहिल्या."

प्रदीपच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला आजही लिहिता येत नाही. तो इतकंच म्हणाला, "आणि पुन्हा वारं लागलं तर?"

"तर मला शिव्या दे," मामाजी म्हणाले. "पण तिला विचारल्याबिगर तिच्या डोक्यावरचं छत शिवून नको टाकू."

"विचारू कसं? ती नाहीच म्हणते."

"म्हणून तर बटण."

मग त्या दोघांत ठरलं ते असं. नवं हूड आम्ही शिवायचं. बाईंच्या डोक्यावरच्या भागात तंबूच्या दारासारखी वेगळी झडप ठेवायची; पुढून आणि डाव्या बाजूने सुटणारी, हाताने लोटली की कमानीवरून मागे पडणारी. ती झडप बाईंनी एकटीने, कुणाच्या मदतीविना उघडली, तर राहील. नाही उघडली, तर खिळे मामाजी स्वतः मारतील. "हातोडी तू धरून राहा," त्यांनी प्रदीपला सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोकांनी प्रदीपला कठोर मुलगा ठरवलं. तो कठोर नव्हता. त्याला झोप लागत नव्हती.

कापड आम्ही आधी भिजवलं, सावलीत वाळवलं, पुन्हा भिजवलं. न भिजवता शिवलेलं कॅनव्हास पुढे आटतं आणि बटणं खुंट्यांपासून दूर जातात. दरम्यान प्रदीपने सुचवलं, "शाळेच्या बुटांना ती खरखरीत चिकटपट्टी असते, ती लावून टाका ना." सूचना वाईट नव्हती. मी तुकड्यावर लावून बाईंसमोर धरली आणि ओढली. कापड टरकावं तसा आवाज झाला, आणि बाईंनी डावा खांदा आक्रसून घेतला. शिवाय वारा त्या पट्टीखाली बोट घालतो, हे मामाजींना माहीत होतं. पट्टी परत गेली. मामाजींनी खालचा खण उघडायला सांगितला आणि जुन्या डब्यातली तिळाची बटणं फळीवर ओतली. लोखंडी नको, लोखंड गंजून कापड खातं. पितळ हिरवं पडतं, पण कापडाशी वैर करत नाही.

बटणं मी लावली. सारख्या अंतराने, एका रेषेत, जशी आजवर शेकडो गाड्यांना लावली होती. छंद शिकताना आम्हाला सांगितलं होतं की यती, म्हणजे ओळीतला थांबा, चुकला तर वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. बटणांची ओळ मी त्याच निष्ठेने मोजत असे. प्रत्येकाचा टिच मामाजींनी ऐकला आणि मान हलवली.

बाई आल्या, बसल्या. मी झडप बंद केली. गल्लीतला पत्रेवाला ठोकायचा थांबला. बाईंचा हात वर गेला आणि पहिल्या बटणावर आला. ते बटण आहे हे त्यांना कळलं, कारण त्यांची बोटं एकदम हळू झाली. त्यांनी ओढलं. सुटलं नाही. जोर लावून ओढलं. आणखी घट्ट झालं. दुसरं बटण, तेच. त्यांनी फार वेळ खटपट केली नाही. हात खाली आला आणि दुसऱ्या हाताशेजारी जाऊन पडला. आता ते दोन्ही सारखेच दिसत होते. "नाही," त्या म्हणाल्या, आणि या वेळी तो शब्द बरोबर होता.

प्रदीपने आमच्या फळीवरचा खिळ्यांचा डबा उचलला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. आवाज न करता ठेवला.

"गाडी राहू दे. परवा ये," मामाजी म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून ते एकाएकी म्हणाले, "आपण बाहेर उभे होतो."

मला समजायला एक क्षण लागला. मग सगळंच लख्ख दिसलं. हूड बांधणारा नेहमी गाडीच्या बाहेर उभा असतो. बाहेरून ताणतो, बाहेरून खुणा करतो, बाहेरून ठोकतो. त्यातून आमचा सगळा धंदा उजव्या हाताचा. तीळ आम्ही नेहमी अशा बाजूला ठेवत आलो होतो, जिथे बाहेर उभ्या माणसाच्या उजव्या हाताचं बोट पडेल. आतून, बसून, डाव्या हाताने ओढणाऱ्याला आम्ही तीन बंद बाजूच दिल्या होत्या. बाईंनी जितकी ताकद लावली, तितकं बटणाने धरून ठेवलं. त्यांनी कसूर केली नव्हती. आम्ही त्यांचा हात पाहिला होता, पण ज्या जागेवरून तो उठतो ती जागा पाहिली नव्हती. मामाजींच्या आयुष्यभराच्या रीतीत एवढी एक फट राहिली होती, आणि ती त्यांनी भाकरी चावता चावता स्वतः शोधली.

सकाळी त्यांनी मला बाईंच्या जागेवर बसवलं. माझा उजवा हात कॅनव्हासच्या पट्टीने कमरेशी बांधला. डाव्या हातात शिंप्याचा खडू दिला. "आता डोळे मीट. हात उचल. जिथे तो आपोआप जाईल तिथे खूण कर. विचार नको करू."

डोळे मिटले की बंद गाडीत किती आवाज असतात. कापडावर ऊन पडतं त्याचाही एक बारीकसा ताणल्याचा आवाज असतो. मी हात उचलला. तो सरळ रेषेत गेलाच नाही. पहिली खूण जवळ पडली, दुसरी लांब. खांदा जिथे दमला तिथे दोन खुणा एकमेकींना चिकटून आल्या. डोळे उघडून पाहिलं तर ती ओळ कुठल्याही मापात बसत नव्हती. मी ती सुधारू लागले.

"काय करून राहिली?" मामाजींना खडूचा आवाज ऐकू गेला होता.

"अंतर सारखं करून राहिले."

"कोणासाठी?"

मी खडू ठेवला. वृत्तात लिहिणाऱ्या मला मुक्तछंदाचा संशय होता. कंटाळलेल्या माणसांची ती सोय आहे असं मी मैत्रिणींशी भांडून सांगत असे. त्या दिवसापासून भांडले नाही. हाताच्या दमाने पडलेली ती वेडीवाकडी ओळ मला आजवर पाहिलेल्या कोणत्याही ओळीपेक्षा खरी वाटली. आम्ही बटणं तिथेच लावली. तीळ आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाकडे फिरवले. समोरून येणारा वारा आता बंद बाजूंवर आदळणार होता, तो कितीही जोराचा आला तरी बटण अधिकच धरणार होतं. आणि आतल्या बोटाला ते उचलीसरशी सुटणार होतं. प्रत्येक बटणापाशी मी चामड्याची एक छोटी जीभ शिवली, म्हणजे बोट घसरलं तरी पकडायला काही राहावं. मामाजींनी आत हात घालून, डाव्या हाताने, एकेक उघडून पाहिलं. मग म्हणाले, "मेट्रनला बोलाव."

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकते. त्या गाडीला खिळे लागले नाहीत. पुढे बरीच वर्षं ती नेपियर टाउनच्या रस्त्याने जाताना दिसे. प्रदीप चालवत असे, सावकाश, आणि डाव्या बाजूची झडप मागे पडलेली असे. बाईंचे पांढरे केस उडत. प्रदीप कधी आमच्या दुकानावरून जाताना हॉर्न वाजवी, पण थांबत नसे. त्याची भीती पुरती गेली असेल असं मला वाटत नाही. तो भीतीसकट गाडी चालवायला शिकला, एवढंच.

मामाजी आता नाहीत. कापडी हुडांच्या जीपा गेल्या, पत्र्याच्या टपांच्या आल्या, आणि दुकानात काही वर्षं सीटकव्हरं शिवली गेली. मग तीही तयार मिळू लागली. मी मशीन विकलं. तिळाची बटणं ठेवली आहेत, एका पानपुड्यात, जिथे सुपारी असायला हवी तिथे. नातवंडं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात, त्यांना ती बटणं खेळायला दिली तर ती ओढत बसतात आणि म्हणतात, "आजी, ये तो खुलता ही नहीं." मी तीळ दाखवत नाही. थोडा वेळ ओढू देते.

जुन्या मैत्रिणी कधी हळहळतात. एवढं शिकलीस आणि गोहलपुरात तंबूचं कापड शिवत बसलीस, कविता राहिल्या. राहिल्या हे खरं आहे. काही ओळी आल्या होत्या आणि हात गुंतलेला होता म्हणून परत गेल्या. त्यांची मला आठवण येते, जशी दारावरून परत गेलेल्या पाहुण्याची येते. पण शब्द म्हणजे काय, तो माणसाच्या तोंडून निघायला काय काय लागतं, हे मला ज्या दुपारी कळलं, ती दुपार पुस्तकांजवळ गेली नव्हती.

मेश्रामबाई आल्या. उशा लावून बसल्या. मी पुन्हा चालकाच्या जागेवर बसले, प्रदीपच्या सांगण्यावरून. आई घाबरली तर कुणीतरी शेजारी असावं म्हणून. तो बाहेर बॉनेटपाशी उभा होता. खिळ्यांचा डबा परवापासून तिथेच होता. उन्हाने त्याचा पत्रा तापला असणार. मामाजी फळीवर, पाठ करून, कान लावून.

बाईंचा हात बराच वेळ उठला नाही. एकदा फसलेल्या हाताला पुन्हा उठायला काय लागतं, ते मी त्यांच्या मनगटावरच्या शिरेत पाहत होते. मग तो उठला. डाव्या कोपऱ्यातल्या बटणावर बोटं आली, फिरली, आणि तीळ त्यांना सापडला. तो सापडल्याचं त्यांच्या श्वासात कळलं. टिच. फळीवरून काही आवाज आला नाही. दुसरं सुटलं. तिसऱ्यापाशी बोट घसरलं, चामड्याची जीभ सापडली, तेही सुटलं. कापडाची कड थोडी उचलली गेली आणि उन्हाची एक पट्टी त्यांच्या कपाळावर पडली. बाहेर प्रदीपने तोंड फिरवलं होतं.

शेवटचं बटण उजवीकडे होतं, सर्वांत लांब, माझ्या बाजूला. त्यासाठी त्यांना अंग वळवावं लागत होतं, आणि अर्धं अंग वळत नव्हतं. हात पोचला, पण तिरका पोचला. बोट तिळाच्या अलीकडे पडत होतं. एकदा. पुन्हा. कोपर खचू लागलं. ओठांवर घामाचे थेंब आले. हात आता खाली पडणार हे मला दिसलं, आणि तो एकदा पडला की पुन्हा उठणार नाही हेही. बाहेरून कुणाला काही दिसणार नव्हतं. माझा हात कधी वर गेला ते मला कळलंच नाही. मी त्यांच्या बोटांखाली माझं बोट सरकवलं, तिळापाशी नेलं, आता फक्त उचलायचं होतं.

त्यांनी मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात चुकलेल्या नर्सकडे बघावं तसं, रागाने नव्हे, पण ज्याच्यापुढे सबब चालत नाही अशा नजरेने. त्यांचे ओठ हलले, वाकडे झाले, थांबले. ज्या तोंडातून इतके महिने एकच शब्द बाहेर पडत होता, त्यात आत कुठेतरी दुसरा शब्द आपली वाट चाचपत होता. बाहेर प्रदीपही वळला होता. मग तो शब्द आला. जड, अर्धवट वळलेल्या जिभेवरून, पण पुरता.

"सोड."